चार दिवस, तेवीस किलो

मी बोलतेय. हो, मीच, भिंतीला टेकून उभी असलेली ही लाल बॅग. टेकून अशासाठी, की माझं एक चाक आता नाही. ते कुठं गेलं हे ओघात येईलच. ऐकणार असाल तर बसा जरा. माझ्यावर बसलात तरी चालेल. एकदा एक बाई माझ्यावर बसल्या होत्या आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता.

माझा जन्म वापीजवळच्या एका शेडमध्ये झाला. सकाळी मी नव्हते, दुपारी होते. तिथून बाजारातल्या एका दुकानात आले आणि सहा महिने प्लास्टिक पांघरून उभी राहिले. लोक यायचे, मुठीला हिसके द्यायचे, पाठीवर टकटक करायचे, भाव विचारायचे आणि "घरी विचारून येतो" म्हणून निघून जायचे. बॅग बघायला येणारी माणसं आणि मुलगी बघायला येणारी माणसं यांच्यात मला तरी फारसा फरक दिसला नाही.

२०१३ साली डहाणूहून एक जोडपं आलं. प्रल्हादराव रेल्वेत मालगाडीचे गार्ड, आणि जयमालाबाई तलासरीकडच्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बाईंना शेवाळी रंगाची बॅग आवडली होती. प्रल्हादरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही घेऊ. लाल आहे. विमानतळाच्या पट्ट्यावरून येताना लांबून दिसेल."

"आयुष्यभर लाल-हिरव्यातच अडकलात तुम्ही," बाई म्हणाल्या. पण घेतली मलाच. घरी आल्यावर प्रल्हादरावांनी आपल्या जुन्या हिरव्या झेंड्याची एक पट्टी फाडून माझ्या मुठीला बांधली. म्हणाले, "नुसती लाल असली तर ही निघायचीच नाही."

मला लिस्बनला जायचं होतं. पोर्तुगालची राजधानी. मुक्काम चार दिवसांचा. चौदा दिवसांत बारा देश दाखवणाऱ्या सहली बाईंना नको होत्या. एकच शहर, आणि तेही लिस्बनच. याला कारण होती पाचवीच्या वर्गातली एक मुलगी.

ती गोष्ट बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, म्हणून मला तोंडपाठ झाली. मला आणण्याच्या सातेक वर्षं आधी, एकदा वर्गात भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून त्या सांगत होत्या, की ही पोर्तुगीजांची राजधानी, इथून जहाजं निघाली, इतका समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागली, आणि आपल्या डहाणूच्या किल्ल्यातही ही माणसं राहून गेली. वर्गात सतरा पोरं होती. शेवटच्या रांगेतून बारकी नावाची मुलगी उठली. तिच्या पाड्यावर लहानथोर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यामुळे बाईंनाही तूच.

"बाई, ते लोक आपलं गाव बघून गेले. तू त्यांचं बघून आलीस?"

बाईंनी वीस वर्षं जगाचा नकाशा शिकवला होता आणि त्या स्वतः नाशिकच्या पुढे गेल्या नव्हत्या. त्यांना खोटं बोलता आलं नाही. त्या म्हणाल्या, "नाही गं. पण जाईन. बघून येईन आणि तुम्हाला सांगेन." मुलं दुसऱ्या दिवशी विसरली असतील. बाई विसरल्या नाहीत. शब्द दिला होता, आणि तोही सतरा जणांना.

प्रल्हादरावांनी हे काम गार्डाच्या शिस्तीने हातात घेतलं. पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक जाडजूड रजिस्टर आणलं आणि त्यात चार दिवसांचं वेळापत्रक आखलं. ट्राम किती वाजता, ती चुकली तर पुढची किती वाजता, कुठली गल्ली चढाची, कुठली उताराची, पाणी कुठं मिळेल. नकाशे छापून चिकटवले, त्यावर लाल-हिरव्या पेन्सिलीने खुणा केल्या. दर रविवारी चहा झाला की ते रजिस्टर मोठ्याने वाचायचे आणि बाई भाजी निवडता निवडता ऐकायच्या. त्या वेळापत्रकात मधे मधे दोनच शब्द यायचे. 'ज. बसेल.'

ज. म्हणजे जयमाला. बाईंनी गुडघ्याबद्दल तेव्हा घरात चकार शब्द काढला नव्हता. पण स्टेशनचा पूल चढताना त्या कठड्याला धरतात, हे प्रल्हादरावांनी पाहिलं होतं. म्हणून त्या अख्ख्या शहरातले बाक शोधून त्यांनी दर चाळीस मिनिटांनी एक थांबा ठेवला होता. माणसाने माणसाची काळजी अशी रजिस्टरात लिहून ठेवलेली मी पुन्हा कुठं पाहिली नाही.

आता जाणं का झालं नाही ते ऐका. २०१४ला बाईंना निवडणुकीची ड्युटी लागली, रजा नामंजूर. २०१६ला प्रल्हादरावांच्या आई न्हाणीघरात पडल्या. मग त्या अंथरुणातून उठेपर्यंत दोन वर्षं गेली. पुढे दोघंही रिटायर झाले, २०२०च्या मे महिन्याची तिकिटं काढली, आणि सगळं जगच कडी लावून घरात बसलं.

पण मी काही रिकामी बसले नव्हते. सगळ्यात आधी मला शेजारच्या नीलमने नेलं, लग्नानंतर मनालीला. आमच्याकडे कुणाचं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत करत नाहीत, साखरेचे चार दाणे तरी घालतात. नीलमच्या आईने तोच नियम मला लावला. मी परत आले तेव्हा माझ्यात सहा सफरचंदं होती. तेव्हापासून ती रीतच पडली. कुणी इंटरव्ह्यूला न्यायचं, कुणी बाळंतपणाला, कुणी काशीला. परत येताना माझ्यात कधी पेढे, कधी घोलवडचे चिकू, कधी नुसतं एक फूल. तुम्ही म्हणाल, बॅगेला काय कळतं. मला एवढं कळतं, की देणाऱ्याला ओझं वाटू नये म्हणून माणसं किती जपतात.

एकदाच जरा घोटाळा झाला. वाढवणच्या निर्मलाताई आमच्या दारावर मासळी घेऊन यायच्या. त्यांच्या मुलाने मला बोटीवरच्या ट्रेनिंगला नेलं आणि परत करताना ताईंनी प्रेमाने माझ्यात दीड किलो सुके बोंबील भरले. पुढचे सहा महिने मला उन्हात घातलं, सोड्याने पुसलं, कडुनिंबाचा पाला भरून ठेवलं. मला मागायला येणारे आधी नाक जवळ आणायचे आणि मग म्हणायचे, "तशी घाई नाहीये." बाईंनी निर्मलाताईंना यातलं अवाक्षर कळू दिलं नाही. बोंबील फार चवीचे होते, एवढंच सांगितलं आणि ते खरंही होतं.

पाचवीतली ती बारकीही मला घेऊन गेली, नाशिकला नर्सिंगच्या शिक्षणासाठी. साडेतीन वर्षं मी तिच्या खाटेखाली होते. परत आले तेव्हा माझ्यात पाच किलो नवा तांदूळ होता, तिच्या आईने साडीच्या फडक्यात बांधून दिलेला.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये प्रल्हादराव गेले. दवाखान्यात नेताना त्यांचे कपडे घाईघाईने माझ्यात भरले होते. नवव्या दिवशी तेच कपडे घेऊन मी घरी आले. बाईंनी मला उघडलं, त्यात ते रजिस्टर ठेवलं, चेन लावली आणि माळ्यावर चढवलं. त्यानंतर कुणी मागायला आलं तर त्या "चाक बिघडलंय" म्हणून सांगायच्या. चाक तेव्हा धडधाकट होतं. पण त्यांचा राग मला कधी आला नाही.

तीन वर्षं अंधारात काढली. मग गेल्या दिवाळीत बारकी आली. आता ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे, कडक इस्त्री, केस घट्ट बांधलेले. साफसफाईला हात लावते म्हणून ती माळ्यावर चढली आणि मला खाली घेऊन आली. उघडलं, तर आत रजिस्टर. ती जमिनीवर बसून वाचत राहिली. बाई स्वयंपाकघरातून दोनदा चहाला हाक मारून दमल्या.

"बाई, हे 'ज. बसेल' काय आहे?"

बाईंनी सांगितलं. बारकीने रजिस्टर मिटून मांडीवर ठेवलं.

"बाई, मी काय बोलते, आपण जाऊ या. चारच दिवस. मी येते सोबत."

"आता काय राहिलंय तिथं, बारके. मी पासष्टची झाले. ते असते तर गोष्ट वेगळी."

"पाचवीत मीच विचारलं होतं तुम्हाला. सतरा जणं ऐकत होती. सांगायचं राहिलंय ना अजून?"

बाई उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं, परत माळा. पण त्या पासपोर्ट घेऊन बाहेर आल्या आणि चष्मा लावून त्याची मुदत बघू लागल्या.

मग काय विचारता. बारकी ड्युटीवरून सुटली की यायची आणि मोबाईल उघडून बसायची. तिचं नियोजन नव्या तऱ्हेचं, बाईंचं रजिस्टरातलं. "बाई, ही ट्राम आता दुसरीकडून जाते." "मग ह्यांनी लिहिलंय ते?" "बारा वर्षं झाली त्याला." बाईंचा चेहरा पडला की बारकी लगेच म्हणायची, "बाक आहे तिथंच आहे, मी फोटोत बघितला." व्हिसाच्या अर्जाला रोज काय करणार याचा तपशील लागतो. बाकीचे लोक म्हणे त्यासाठी कुठून कुठून उतरवून आणतात. बाईंकडे तो मिनिटांसकट तयार होता. बारकीने इंग्रजीत टाईप करून दिला, आणि व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीने तो दोनदा वाचला.

व्हिसा आला आणि बातमी गावभर झाली. ज्यांनी ज्यांनी मला कधी ना कधी नेलं होतं ते सगळे माझ्यासाठी काही ना काही घेऊन हजर. नीलमने बाईंच्या गळ्याभोवती गुंडाळायला लोकरीचा पट्टा विणला होता. कुणी खाखरे आणले, कुणी लाडू, कुणी मेतकूट. निर्मलाताई बोंबील घेऊन आल्या. मी मनात म्हटलं, मेले. बारकीने त्यांना खाटेवर बसवून समजावलं, की ताई, परदेशात मासळी नेऊ देत नाहीत, आम्ही आल्यावर खाऊ. ताईंचं उत्तर तयार होतं. "मंग तवर ठेवते. पन तुला काय तरी न्यावाच लागंल, बाय." त्यांनी गळ्यातल्या पिशवीतून खोबऱ्याची वडी काढून दिली. बाई कुणालाच नाही म्हणाल्या नाहीत.

तिकिटात दोघींत मिळून एकच मोठी बॅग होती, तेवीस किलोंची. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मला परेशभाईंच्या चिकूच्या वाडीत वजनाला नेलं. परेशभाईंचा वजनकाटा फार इमानी, सगळा डहाणू तालुका त्याच्यावर विश्वास ठेवतो. त्यांनी मला काट्यावर ठेवलं आणि आकडा वाचला.

"बावीस किलो चारशे. जयमालाबेन, आरामशी जाओ." मग खांद्यावरच्या पिशव्या मोजल्या. त्याही सहा-सहा किलो, एकदम हिशोबात.

तिथंच सगळं फसलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या काट्यावर दिवसभर चिकूचे कॅरेट चढतात. रिकाम्या कॅरेटचे दोन किलो त्यात आधीच वजा करून ठेवलेले असतात, म्हणजे आकडा दिसतो तो निव्वळ चिकूंचा. परेशभाईंना ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की मी काही कॅरेटमध्ये बसून आले नव्हते, हे त्यांना सुचलंच नाही.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने मला पट्ट्यावर घेतलं आणि म्हणाली, "चोवीस किलो चारशे. दीड किलो कमी करा मॅडम." पिशव्या मोजल्या, त्याही आठ-आठ, मुभा होती तेवढ्या काठोकाठ. म्हणजे माझ्यातलं तिकडे सरकवायचीही सोय नाही. मागे रांग वाढत होती. बाईंनी मला बाजूला ओढलं आणि सगळ्यांच्या देखत फरशीवर उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला लाज वाटली.

"बाई, खाखरे आणि लाडू काढू. दोन किलो तेवढेच भरतील," बारकी म्हणाली. "सुनिल बाहेर थांबलाय, त्याच्याकडे देते." सुनिल आमचा गाडीवाला. विमान उडेपर्यंत हलायचं नाही, असं बाईंनी त्याला बजावून ठेवलं होतं.

"ते नको. लोकांनी इतक्या मायेने दिलंय. परत गेलं तर त्यांना काय वाटेल?"

"मग काय काढायचं?"

बाईंनी माझ्यात हात घातला. कपड्यांच्या खाली, अगदी तळाशी. रजिस्टर बाहेर काढलं आणि बारकीच्या हातात दिलं.

"हे घरी जाऊ दे."

"बाई, हे नको. मी माझे बूट काढते."

"मला पाठ आहे गं ते. आठ वर्षं दर रविवारी ऐकलंय. विचार काय विचारायचं ते."

बारकीने एक पान उघडलं. ओळीखाली बोट धरून तिने वाचलं. "पहिला दिवस. दुपारी चार."

"चढ संपतो. डाव्या हाताला कठडा. तिथून नदी दिसते. ज. बसेल."

बारकी रजिस्टर मिटून दाराकडे पळत गेली. ती परत येईपर्यंत बाईंनी माझी चेन लावली आणि हिरव्या पट्टीची गाठ पुन्हा घट्ट केली. पट्ट्यावरून आत जाताना मी हलकी झाले होते. मला ते आवडलं असं नाही म्हणणार, पण बाईंच्या चेहऱ्यावर एक निवांतपणा आला होता तो मी पाहिला.

लिस्बनला पोचलो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. हॉटेलची खोली साडेचारशिवाय मिळणार नव्हती. तिथल्या माणसाने मला खाली ठेवायला सांगितलं, पण बाईंना नवख्या जागी मला सोडवेना. निघालो तिघी चढाने. काय ते शहर. घरांच्या भिंतींना निळ्या नक्षीच्या फरशा, गॅलरीत वाळत घातलेली धुणी, कोपऱ्यावर कुणीतरी गिटार वाजवतंय, पिवळी ट्राम घंटा वाजवत अंगावरून जाते, आणि एका दारातून भाजलेल्या मासळीचा वास. बाई थांबून म्हणाल्या, "निर्मलाला आवडलं असतं." रस्ते मात्र लहान लहान दगडांचे. मी खडखडत, ठेचकाळत वर चालले होते. तिसऱ्या वळणावर माझं चाक निखळलं आणि उताराने घरंगळत जे गेलं, ते गेलंच. बारकी मागे धावली, पण ते ट्रामच्या खाली सापडलं.

मग बारकीने मला उचलून वर नेलं. चढ संपला. डाव्या हाताला कठडा होता. खाली लाल कौलं आणि त्यांच्या पलीकडे समुद्राएवढी रुंद नदी. बाक होता, पण त्यावर पर्यटकांची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. चार वाजले होते.

बारकीने मला कठड्याला लावून आडवं केलं. "बाई, बसा."

बाई माझ्यावर बसल्या. बारा वर्षं मी गावभराची ओझी वाहिली होती, पण त्यांचं ओझं माझ्यावर पहिल्यांदाच आलं. त्या बराच वेळ नदीकडे बघत होत्या. इथूनच ती जहाजं निघाली होती. मग त्यांनी हॉटेलवरच खांद्याच्या पिशवीत घेऊन ठेवलेला लाडवांचा डबा काढला, एक बारकीला दिला, एक स्वतः घेतला.

"बारके, ते आपलं गाव बघून गेले. आता मी त्यांचं बघितलं."

"बघितलंस तू, बाई," बारकी म्हणाली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून पुन्हा 'तू' आलं होतं, पाचवीतलं.

पुढचे तीन दिवस मी हॉटेलच्या कोपऱ्यात होते. त्या दोघी काय काय बघत हिंडल्या ते रोज परत आल्यावर मला ऐकायला मिळायचं. त्याबद्दल मी नंतर कधीतरी सगळ्यांचे आभार मानेन. नीलमच्या पट्ट्याचे, खाखऱ्यांचे, आणि हो, परेशभाईंच्या काट्याचेही. तो नसता चुकला तर बाई ते जड रजिस्टर त्या चढावर खांद्याला लावून फिरल्या असत्या आणि त्यांनी नदीऐवजी पानंच बघितली असती.

मार्च महिन्यात बाई मला घेऊन पाड्यावरच्या शाळेत आल्या. सतरापैकी नऊ जण जमले होते. चैत्या अच्छाडच्या नाक्यावरून ट्रक बाजूला लावून आला होता, झिपरू लेकीला घेऊन आला होता. आताच्या पाचवीची पोरं पुढे बसली होती. बाईंनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "उशीर झाला, पण बघून आले." मग मला उघडलं. निळ्या नक्षीची एक फरशी निघाली, ट्रामची तिकिटं निघाली, बेकरीच्या कागदात बांधलेली बिस्किटं निघाली. बाईंनी पाऊण तास सांगितलं. चैत्या मधेच डोळे पुसायला बाहेर जाऊन आला आणि धूळ फार आहे म्हणाला.

शेवटी झिपरूची लेक उठली. नाव लाडकी, वय दहा.

"बाई, तुजी ही बॅग आमाला मिळंल का? मला पन जायचाय."

बाई हसल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जसा मुलीला सासरी पाठवताना ठेवतात तसा. मग मला तिथंच भिंतीला टेकवून उभं केलं.

म्हणून मी आता इथं आहे, शाळेच्या या खोलीत, तीन चाकांवर. माझ्यात बाईंनी परत ठेवलेलं प्रल्हादरावांचं रजिस्टर आहे, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या पानांवर पोरं आपापली वेळापत्रकं लिहितात. कुणाचं पुण्याचं, कुणाचं दिल्लीचं, लाडकीचं तर थेट जपानचं. कुणालाही कुठंही जायचं असो, मला न्या. चाकाकडे बघू नका, उचलून घ्या. नेताना नाव लिहा किंवा लिहू नका. फक्त परत आणताना रिकामी आणू नका. काहीच नसेल तर जे पाहिलंत ते येऊन पोरांना सांगा.

मुठीला हिरवी पट्टी अजून आहे. जरा विटलीय, पण गार्डाच्या भाषेत तिचा अर्थ तोच आहे. निघा.